तितर उठला तरी कुत्रा जागचा हलू नये : माळावरच्या कुत्र्याला थांबायला शिकवताना

माण-खटावकडं असा की आटपाडी-जतकडं, माळाच्या कडेनं कुत्रा घेऊन चालणाऱ्याला हा प्रसंग चुकत नाही. बोरीच्या जाळीतून फर्रर्र करून चार-पाच तितर उठतात. तुम्ही दचकता आणि हाक मारायला तोंड उघडेपर्यंत कुत्रा दोन बांध ओलांडून गेलेला असतो. पुष्कळांना यात कुत्र्याचं कौतुक वाटतं. मला त्यात धोका दिसतो. वर बघत पळणाऱ्या कुत्र्याला खालचं काही दिसत नाही. आपल्या शिवारात कठडा नसलेल्या जुन्या विहिरी आहेत, डाळिंबाच्या बागांभोवती तारा आहेत, शाळू काढलेल्या रानात पायाला भोसकणारी धसकटं आहेत. पलीकडं डांबरी रस्ता असला तर विचारूच नका. वाटेत गाभण मेंढ्यांचा कळप आडवा आला तर शेजारधर्मही मोडतो.

म्हणून या लेखात एकच गोष्ट शिकवायची आहे. पक्षी उडाला की कुत्र्यानं जागीच थांबायचं. तुम्ही ओरडल्यावर थांबणं ही अर्धीच तालीम झाली. पंखांचा आवाज हाच त्याला थांबण्याचा हुकूम वाटला पाहिजे. हे जमतं, कारवान आणि पश्मी या नजरेनं सावज गाठणाऱ्या जातींनासुद्धा जमतं. फक्त त्याची सुरुवात माळावर होत नाही, घरच्या अंगणात होते.

ही विद्या आली कुठून

पक्ष्यापुढं कुत्रा स्थिर ठेवण्याची कला युरोपातल्या शिकारीतून आली. पॉइंटर कुत्रा वासावरून पक्षी हेरतो आणि एक पाय उचलून ताठ उभा राहतो. सेटर दबून राहतो. बंदुका रुळायच्या आधी असा दबलेला कुत्रा पाहून शिकारी पक्ष्यांवर जाळं ओढत असत. स्पॅनियल झुडपात घुसून पक्षी उठवतो, आणि उठवताक्षणी त्यानं बसावं अशी अपेक्षा असते. तिन्ही जातींत पक्षी उडाल्यावर मागं धावणारा कुत्रा कच्चा समजला जातो. त्याची कारणं साधी आहेत. धावणारा कुत्रा बंदुकीच्या रेषेत येतो, आणि अजून दबून बसलेले बाकीचे पक्षीही उठवून टाकतो.

आपल्याकडं शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ पासून लागू आहे. त्यात शिकार म्हणजे फक्त जीव घेणं नव्हे. वन्य प्राण्याला पकडणं, फासे लावणं, हाकणं, कुत्र्यांकरवी पाठलाग करणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच मोडतं. पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणंही त्यातच आलं. तेव्हा ‘कुत्र्यानं धरलं नाही, नुसता पळाला’ ही सबब टिकत नाही. तिकडची पद्धत घ्यायची ती पक्षी मिळवण्यासाठी नव्हे. पक्षी आपल्या वाटेनं जावा आणि कुत्रा आपल्याजवळ राहावा, एवढ्यासाठीच घ्यायची.

आधी आपला कुत्रा ओळखा

पॉइंटर, लॅब्रॅडॉर, स्पॅनियल हे नाकानं चालणारे कुत्रे. पक्षी उठण्याच्या आधीच त्यांच्या अंगावर खूण दिसते. शेपूट जोरात हलायला लागते, डोकं खाली जातं, चाल नागमोडी होते. तुम्हाला सावध व्हायला थोडा वेळ मिळतो.

कारवान, पश्मी, मुधोळ हे नजरेचे कुत्रे. उघड्या माळावर हललेली वस्तू बघायची आणि ती पळून गाठायची, यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या माणसानं त्यांची निवड केली आहे. यांची खूण फार थोडा वेळ टिकते. मान उंच होते, कान ताठतात, तोंड मिटतं, अंग क्षणभर गोठतं आणि मग कुत्रा सुटतो. धापणारं तोंड एकदम मिटलं की समजा, त्याला काहीतरी दिसलंय. ही खूण ओळखायला शिका. पुढची निम्मी तालीम तिच्यावरच उभी आहे.

आणखी एक गोष्ट मनात पक्की करा. कुत्र्याला पाठलागाचं बक्षीस बाहेरून द्यावं लागत नाही, पळणं हेच त्याचं बक्षीस असतं. तितर हाती लागला नाही म्हणून तो निराश होत नाही, उलट पुढच्या वेळी अधिक जोरात सुटतो. त्यामुळं तालीम चालू असेपर्यंत कुत्र्याला एकही मोकळा पाठलाग मिळू द्यायचा नाही. सकाळी अंगणात तालीम आणि संध्याकाळी पोरांबरोबर मोकाट माळावर, असं चाललं तर वर्षभर राबूनही हाती काही लागणार नाही. घरातल्या सगळ्यांना हे आधी समजावून सांगा.

काय काय लागेल

सामान फार नाही. रुंद पट्टा हवा. कारवानाची मान लांब आणि डोकं निमुळतं असतं, त्यामुळं साधा पट्टा सटकतो. छातीवरून येणारा हार्नेस असला तर फार चांगलं. चालण्यासाठी दोन मीटरची दोरी आणि तालमीसाठी आठ-दहा मीटरचा कासरा घ्या. कासरा सुती घ्या. नायलॉन हातातून सरकला तर कातडी सोलून काढतो. हातमोजे घाला. लांब कासरा नेहमी हार्नेसलाच बांधा, मानेच्या पट्ट्याला कधीही नको. वीस-पंचवीस किलोंचं जनावर भरधाव जाऊन दोरी संपल्यावर मानेवर झटका खाईल तर कायमची इजा होऊ शकते. याच कारणानं कासऱ्याचं टोक झाडाला बांधून कुत्र्याला ‘धडा शिकवणं’ हा प्रकार मला अजिबात मान्य नाही.

उभं राहण्यासाठी एक फळी लागेल. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दोन्ही टोकांना विटा घालून जमिनीपासून थोडी उचललेली. ती डगमगता कामा नये. खाऊ म्हणून उकडलेलं चिकन, कलेजी किंवा अंडं यांचे नखाएवढे तुकडे करा. कोरडी भाकरी अंगणात चालेल, पण समोर पंख फडफडत असताना कुत्रा भाकरीकडं ढुंकूनही बघत नाही. गळ्यात एक शिट्टी अडकवा. विजेचा झटका देणारे पट्टे विकत मिळतात, ते घेऊ नका. पक्षी उडाला आणि त्याच क्षणी मानेत कळ आली, तर कुत्रा ‘पळायचं नाही’ हे शिकत नाही. तो पक्ष्याला, त्या झुडपाला, कधी कधी तुम्हालाही भिऊ लागतो. पक्ष्याचा वास येताच तोंड फिरवून निघून जाणारे कुत्रे असेच तयार होतात, आणि त्यांना परत धीट करणं पहिल्या तालमीहून अवघड जातं.

वयाचं म्हणाल तर फळीवरचा खेळ तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून सुरू करता येतो. कासऱ्याची तालीम आठव्या महिन्यानंतर घ्या. लांब पायांच्या कुत्र्यांची हाडं भरायला वर्षभर लागतं, तोवर ओढाताण नको. खऱ्या माळावर साधारण वर्षाचा झाल्यावरच न्या. रेबीजची लस आणि जंताचं औषध त्याआधी झालेलंच असावं.

फळी

कुत्र्याला दोरीवर फळीकडं न्या. चारही पाय वर आले की ‘बेस!’ म्हणा आणि लगेच तुकडा द्या. हा शब्द छोटा आणि नेहमी एकाच सुरात हवा, म्हणजे कुत्र्याला नेमकं कशाबद्दल मिळालं ते कळतं. मग ‘चल’ म्हणून खाली उतरवा. ‘चल’ म्हटल्याशिवाय उतरायचं नाही, हा सगळ्या तालमीचा पाया आहे.

दोन-तीन दिवसांत तो आपणहून फळीवर चढू लागेल. मग चढून उभा राहिला की ‘थांब’ म्हणायला सुरुवात करा. एकदाच म्हणा, शांतपणे म्हणा. ‘थांब थांब थांब थांब’ असा धोशा लावला की तो शब्द कुत्र्याच्या कानावरून वाऱ्यासारखा जातो. शब्दाबरोबर शिट्टीचा एक लांब सूर जोडा. माळावर वारा असतो, तुमचा आवाज पोचेलच असं नाही.

खाऊ देताना तुम्ही कुत्र्याकडं जायचं, त्याला तुमच्याकडं बोलवायचं नाही. हा बारकावा बहुतेकांच्या हातून निसटतो. थांबलेल्या कुत्र्याला ‘ये’ म्हणून तुकडा दाखवला तर तो थांबण्याची नव्हे, सुटण्याची वाट बघायला शिकतो. बक्षीस उभ्या जागी चालत येतं, हे त्याच्या मनात ठसलं पाहिजे.

आता वेळ वाढवा, मग अंतर, मग गडबड. तिन्ही एकदम नाही. दहा पावलं लांब जायचं असेल तर दोनच क्षण थांबवा. मिनिटभर उभं करायचं असेल तर शेजारीच उभे राहा. पोरं समोरून पळणार असतील तर दोरी हातात ठेवा आणि वेळ अगदी कमी करा. कुत्रा चुकला तर न बोलता उचलून त्याच जागी परत ठेवा. रागवायचं कारण नाही, आणि चुकलेल्या खेपेला खाऊही नाही. दिवसातून दोन वेळा, पाच-सात मिनिटं पुरेत. कंटाळलेला कुत्रा काही शिकत नाही.

फळीवर काम बसलं की फळी काढा. आधी तिच्या जागी पोतं अंथरा, मग पोतंही काढून नुसत्या जमिनीवर थांबवा. नंतर जागा बदला. अंगण, खळं, पांद, गावाबाहेरचं गायरान. कुत्र्याला ‘थांब’ घरी येतं म्हणून ओढ्याकाठी येईलच असं नाही. नव्या जागी पुन्हा सोप्यापासून सुरू करायचं.

चालता चालता थांबणं

उभ्या कुत्र्याला उभं ठेवणं सोपं आहे. माळावर तो चालत असतो, हुंगत असतो, कधी दौडत असतो. म्हणून आता दोरीवर चालता चालता ‘थांब’ म्हणा आणि स्वतः थांबा. दोरी हलकेच मागं-वर धरा. पाय थांबले की ‘बेस’ आणि खाऊ. नंतर तुम्ही न थांबता चालत राहायचं आणि त्यानं मागं उभं राहायचं. पुढं कासऱ्यावर आठ मीटर लांब असताना शिट्टी मारायची.

शिट्टीवर दोन ढांगांत थांबत नाही तोपर्यंत पक्ष्यांचं नाव काढू नका. या टप्प्यावर महिना-दीड महिना गेला तरी तो वाया गेला असं समजू नका. पुढं जे काही होणार ते इथल्या पक्केपणावर होणार आहे.

चिंधी

काठीला दोरी आणि दोरीला चिंधी. हे खेळणं कारवानासाठी सोन्याच्या मोलाचं आहे. कुत्र्याला थांबवा, दहा-बारा पावलांवर चिंधी जमिनीवर पडू द्या. हलला नाही तर ‘बेस’ आणि खाऊ. मग चिंधी जरा सरकवा, मग झटक्यानं ओढा, मग वर उडवा. मधूनच, तो छान उभा राहिला असताना, खाऊऐवजी ‘घे!’ म्हणून त्याला चिंधीमागं मनसोक्त पळू द्या, धरू द्या, झिंजाडू द्या.

पळायची भूक मारून कारवान शांत होत नाही, ती भूक कुठंतरी भागवावीच लागते. पळायला मिळतं, पण थांबल्यानंतर आणि परवानगीनंच मिळतं, हे त्याच्या डोक्यात बसवायचं आहे. वासाच्या कुत्र्याला हेच बक्षीस गवतात फेकलेला चेंडू शोधायला देऊन देता येतं. चिंधीला पिसं मात्र बांधू नका. पिसांमागं पळणं म्हणजे मजा, असं त्याला उगाच कशाला शिकवायचं?

डालगं, कोंबड्या आणि कबुतरं

पंखांची पहिली ओळख घरच्या गावठी कोंबड्यांवर करा. डालग्याखाली कोंबडी, कुत्रा दोरीवर वीस पावलांवर. दुसऱ्या माणसानं डालगं उचलायचं, कोंबडी फडफडत निघून जाईल. कुत्र्यानं नुसतं बघितलं तरी त्या दिवशी पुष्कळ झालं. कोंबडी घाबरून उर फुटेस्तोवर पळत असेल तर अंतर फार कमी आहे, ते वाढवा.

परदेशात यासाठी स्प्रिंगच्या पेट्या वापरतात. बटण दाबलं की पेटी उघडते आणि आतलं कबुतर उडतं. आपल्याकडं डालगं आणि लांब सुतळी यावर तेच काम होतं. कबुतरं घरी परतणारी, कुणाच्या तरी पाळलेली हवीत. आपल्या भागात कबुतरं पाळणाऱ्यांची कमतरता नाही, ओळखीनं दोन-चार पक्षी मिळतात. रानातला तितर, लावा किंवा होला पकडून आणणं हा गुन्हा आहे, तो विचार मनातही आणू नका. पाळलेल्या कबुतरालाही त्रास देण्याचा हक्क आपल्याला नाही. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा त्यालाही लागू आहे. पंख बांधायचे नाहीत, फेकायचं नाही, कुत्र्याच्या तोंडाजवळ न्यायचं नाही. सकाळी लवकर, खुराड्यापासून फार लांब न जाता, निरभ्र दिवशी सोडा म्हणजे ते दिवसाउजेडी घर गाठतं. एका कबुतराला दिवसातून एकदाच उडवा.

मांडणी अशी करा. डालगं गवतात, सुतळी मदतनिसाच्या हातात, मदतनीस झाडाआड. कबुतराच्या घराची दिशा लक्षात घ्या. ते कुत्र्याच्या अंगावरून नव्हे, त्याच्यापासून लांब उडालं पाहिजे. तुम्ही कुत्र्याला कासऱ्यावर घेऊन आडव्या वाऱ्यानं डालग्याजवळून चालत जा, वीस-पंचवीस पावलं अंतर ठेवून. तुम्ही हात वर केला की मदतनिसानं सुतळी ओढायची.

आता क्रम नीट वाचा, कारण सगळी किमया यातच आहे. आधी पक्षी उडतो. मग, अर्ध्या क्षणानं, तुमचा ‘थांब’ येतो. कुत्रा थांबतो. तुम्ही चालत जाऊन खाऊ देता. पुन्हा पुन्हा असंच घडलं की कुत्र्याला उमगतं, पंख वाजले की पाठोपाठ ‘थांब’ येणारच आहे. मग तो शब्दाची वाट न बघता पंख वाजताच थांबतो. तुम्ही पक्षी उडण्याच्या आधीच ‘थांब’ म्हणालात तर कुत्रा तुमच्या शब्दावरच चिकटून राहील आणि पंखांचा अर्थ त्याला कधीच कळणार नाही. घाईत हाच क्रम उलटा होतो, म्हणून मदतनिसाला खूण तोंडानं देऊ नका, हातानं द्या.

काही दिवसांनी शब्द किंचित उशिरा म्हणा. पक्षी उडाला, तुम्ही गप्प, आणि कुत्रा आपणहून ताठ उभा राहून वर बघतोय, असं एके दिवशी घडेल. त्या वेळी हात आखडू नका. तुकड्यामागून तुकडे द्या, पाठ थोपटा. हवी असलेली गोष्ट त्यानं प्रथमच स्वतः केली आहे.

एका बैठकीत तीन-चार उड्डाणांपेक्षा जास्त नको. डालग्याची जागा दर वेळी बदला, आणि कधी कधी रिकामं डालगंही ठेवा. नाहीतर कुत्रा पक्ष्यावर नव्हे, डालग्यावर थांबायला शिकेल.

खरा माळ, खरे पक्षी

पहिला रानपक्षी म्हणून गायबगळे उत्तम. नांगर किंवा ट्रॅक्टर चालू असला की त्यामागं ते किडे टिपत असतात, अधूनमधून आपणहून उठतात, सावकाश उडतात आणि पुढं जाऊन बसतात. त्यांच्याजवळ जायची गरजच नाही. बांधावर कुत्र्याला घेऊन लांब उभे राहा आणि बगळे उठले की तेच काम करा. त्यानंतर खळ्यावरचे, उकिरड्यावरचे होले. ते टपटप पंख वाजवत उठतात, पण लांब जात नाहीत.

तितराचं वेगळं आहे. राखी तितर आधी उडत नाही, आधी पळतो. झुडपाझुडपातून सरसर धावत जातो आणि अगदी गळ्याशी आलं की दणक्यात उठतो. नजरेच्या कुत्र्याला उडणाऱ्या तितरापेक्षा पळणारा तितर आवरणं कठीण जातं. म्हणून चिंधी जमिनीवरून सरपटवण्याचा सराव आधी भरपूर हवा. एक तितर उठला म्हणून खेळ संपला असं समजू नका, मागोमाग दुसरा-तिसरा उठतो. पहिल्यावर छान थांबलेले कुत्रे दुसऱ्यावर सुटतात. तेव्हा पहिला पक्षी गेल्यावर लगेच ‘चल’ म्हणू नका, कुत्र्याचा श्वास सैल होईपर्यंत उभे राहा.

लाव्यांचा थवा याहून वाईट. ते गवतात एकत्र दबून बसलेले असतात आणि पायाखालूनच चहूदिशांना फुटतात. माणूसही क्षणभर गोंधळतो. लाव्यांवर थांबणारा कुत्रा कशावरही थांबेल, पण तिथवर जायची घाई नको.

मोर अवजड. त्याला उडायला धाव घ्यावी लागते, आणि ती लांबलचक शेपटी बघून कुत्रा वेडा होतो. मोर दिसला की कासरा आखडा, पाठ फिरवा, दूर जा. टिटवीच्या बाबतीत तर तालीम हा विषयच नाही. ती डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली याचा अर्थ जवळपास अंडी किंवा पिल्लं आहेत. कुत्रा तिच्यामागं जाईल, ती त्याला आणखी लांब नेईल, आणि तेवढ्या वेळात उघड्यावरची अंडी तापून जातील. ताबडतोब कुत्र्याला जवळ घेऊन आल्या वाटेनं परत फिरा.

पक्षी हुडकत हिंडू नका. रोजच्या वाटेनं चाला, जे आपोआप उठेल त्यावर काम करा. टिटवीची वीण साधारण मार्च ते ऑगस्ट चालते, तितराचीही बरीचशी उन्हाळ्या-पावसाळ्यातच होते. त्या महिन्यांत गवताळ माळ टाळून अंगण, रस्ता आणि नांगरट यावरच भागवा. माळावरच्या तालमीचा खरा हंगाम दिवाळीनंतरचा, थंडीचा. मायणीचा तलाव, सागरेश्वर, कोयना, चांदोली अशा संरक्षित जागांकडं मात्र कुत्रा नेऊच नका, दोरीवरसुद्धा नाही.

गोफण आणि फटाके

शिकारी कुत्र्याला बंदुकीच्या बारावर थांबायला शिकवतात. आपल्याकडं बार नाही, पण शाळू दाण्यात आला की रानारानात राखण सुरू होते. डबे वाजतात, गोफणीचा सटाका निघतो, कुणी फटाका लावतो, आणि त्याबरोबर पाखरांचा थवाच्या थवा उठतो. आवाज आणि पंख एकदम आले की पक्का कुत्राही गडबडतो.

हे वेगवेगळं शिकवा. आधी नुसता आवाज, लांबून. दोनशे पावलांवर कुणीतरी डबा वाजवावा आणि त्याच वेळी तुम्ही खाऊ द्यावा. कुत्रा निवांत खात असेल तर काही दिवसांनी थोडं जवळ या. तुकडा तोंडात न घेता कान पाडून उभा राहिला तर तुम्ही फार जवळ आलात. आवाजाची भीती एकदा बसली की निघता निघत नाही, त्यामुळं इथं धीर सोडून चालणार नाही. आवाज आवडीचा झाल्यावरच तो उडणाऱ्या पक्ष्याला जोडा.

कुठं अडतं

सगळ्यात जास्त दिसणारी अडचण म्हणजे दोरीवर राजा, दोरी सुटली की पसार. कुत्रा दोरीचं वजन ओळखतो. त्यावर उपाय असा की कासरा एकदम काढायचा नाही. आधी तो हातातून सोडून जमिनीवर ओढला जाऊ द्या, गरज पडली तर टोकावर पाय देता येतो. मग आठवड्या-आठवड्यानं कापत न्या. शेवटी हातभर तुकडा महिनाभर हार्नेसवर लोंबत राहू द्या. विहिरी, तारा किंवा रस्ता जवळ असेल तिथं मात्र कितीही शिकलेला असला तरी मोकळा सोडू नका.

काही कुत्रे सुटत नाहीत, पण इंचाइंचानं पुढं सरकतात. तुम्ही बघता तेव्हा उभे, नजर वळली की एक पाऊल पुढं. हे खपवून घेतलं की आज पाऊल, उद्या ढांग. न रागावता उचलून मूळ जागी आणून ठेवा, दर वेळी. काही कुत्रे उभे राहतात पण थरथरतात, कुईकुई करतात. तो हट्ट नव्हे, ताण आहे. तुम्ही पक्ष्याच्या फार जवळ आहात किंवा बैठक लांबली आहे. बसून घेतलं तर बसू द्या. नजर पक्ष्यावर असली आणि पाय हलले नाहीत तर माझी तक्रार नसते.

आणि सुटलाच तर? मागं धावू नका, सारखी हाक मारू नका. एकदा शिट्टी मारून बघा आणि शांत उभे राहा. धापा टाकत परत येईल तेव्हा मारू नका. कुत्र्याच्या हिशोबी मार परत येण्याबद्दल मिळालेला असतो, आणि मग पुढच्या वेळी तो परत यायलाच वेळ लावतो. दोरी लावा, घरी जा, दुसऱ्या दिवशी दोन पायऱ्या मागं जाऊन डालग्यापासून सुरू करा.

दोन कुत्रे असतील तर दोघांना वेगवेगळं तयार करा. एकत्र असले की एकाच्या पळण्यानं दुसरा पेटतो. दोघंही पक्के झाल्यावर एकाला कबुतरावर थांबवा आणि दुसऱ्याला मागं, त्याच्याकडं बघत, उभं करा. मागच्याला आधी खाऊ द्या, त्याचं काम जास्त कठीण आहे.

माळावरून आल्यावर दर वेळी कुत्रा तपासायचा. कुसळं बोटांच्या बेचक्यात आणि कानात शिरतात आणि आत सरकत जातात. सराटे पंजात रुततात. गोचीड कानामागं आणि काखेत बघा. डोकं एकाच बाजूला झटकत असेल किंवा एकच पंजा सतत चाटत असेल तर डॉक्टरांकडं न्या, घरी चिमट्यानं खोल उकरत बसू नका. ऊन चढल्यावर तालीम बंद. पाणी बरोबर ठेवा.

ज्या कुत्र्यानं चार-पाच वर्षं मनसोक्त पाठलाग केला आहे, त्याच्याबद्दल बरेच जण विचारतात. त्यालाही फळीपासूनच शिकवायचं, पण मोजमाप महिन्यांत न ठेवता हंगामांत ठेवायचं. बरेचसे असे कुत्रे कासऱ्यावर उत्तम थांबायला शिकतात आणि मोकळे सोडले की पूर्वीच्या वळणावर जातात. अशा कुत्र्याला माळावर कायम कासऱ्यावरच न्या, आणि पळायला म्हणून भिंत किंवा पक्कं कुंपण असलेली एखादी मोकळी जागा शोधून तिथं रोज चिंधीमागं दमवा.